बुधवारची तारीख

साकोलीत बसस्थानकामागच्या गल्लीत करुणा मेश्राम अकरा वर्षं रक्त तपासणीचं केंद्र सांभाळत होती. केंद्र म्हणजे एक गाळा. आत एक खुर्ची, फ्रिज, नळ्या गरागरा फिरवायचं यंत्र आणि जुना संगणक. रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, नमुना कधी घेतला ती तारीख नि वेळ संगणकात भरायची आणि दुपारी चारच्या गाडीनं डबा नागपूरला पाठवायचा. तपासणी तिकडं व्हायची. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर येत. करुणाची सुई दुखत नाही, असं आसपासच्या खेड्यांतल्या बायका एकमेकींना सांगत. तिला त्याचा मनातून अभिमानही होता.

सानगडीला तिचं माहेर. आई वच्छलाबाई, धाकटा भाऊ प्रफुल्ल आणि त्याची बायको रीना तिथं राहत. प्रफुल्ल पंचायत समितीत कारकून होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात लेकरू नव्हतं. तीन वर्षांपूर्वी रीनाला दिवस गेले तेव्हा ती माहेरी होती. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, आकडा खाली चालला आहे म्हणाले आणि सफाई करून टाकली. ते दोन्ही रिपोर्ट करुणानं स्वतः पाहिले होते. आकडा खरंच उतरत होता, गर्भ जगणार नव्हता. तिनं रीनाला हे पुष्कळदा समजावलं. रीना मान डोलवायची, पण तिच्या मनातून एक गोष्ट कधी गेली नाही. त्यांनी घाई केली नसती, तर ते लेकरू आज अंगणात खेळत असतं.

यंदा दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि रीनाला पुन्हा दिवस गेले. पंधरा दिवस घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मग तिच्या अंगावरून थोडं तांबूस जाऊ लागलं आणि ओटीपोटात उजवीकडं बारीक कळ येऊ लागली. प्रफुल्ल तिला सोमवारी साकोलीला डॉक्टर मेघा कापगतेंकडं घेऊन आला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाच्या पिशवीत काही दिसलं नाही.

"इतक्या लवकर कधी कधी दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण कधी कधी गर्भ पिशवीत न येता नळीतच रुजतो. तसं असेल तर नळी फुटू शकते. म्हणून आपण बीटा तपासू. गर्भ रुजला की हे हार्मोन रक्तात उतरतं. एका आकड्यानं मला काही कळणार नाही. आज एक नमुना द्या आणि बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी दुसरा. गर्भ नीट असेल तर दोन दिवसांत आकडा दुप्पट व्हायला पाहिजे, निदान दीडपट तरी. रखडत वाढला, तर मला पुढचा विचार करावा लागेल."

त्या दिवशी करुणानं रक्त काढलं. मंगळवारी रिपोर्ट आला, सहाशे चाळीस. तो तिनं डॉक्टरांना पाठवला.

बुधवारी अकराच्या सुमाराला रीना एकटीच आली. प्रफुल्लला रजा नव्हती. करुणानं तिला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली. सुईचं टोपण काढलं तेवढ्यात रीनानं हात मागं ओढला.

"ताई, आज नका काढू."

"काहून? घाबरली का?"

"आकडा दुप्पट नाई झाला त मॅडम सफाई करून टाकतीन."

"अशी कशी करतीन? आधी पाहतीन, इचार करतीन."

"मागच्या खेपी काय झालं मंग? त्यायनंबी आकडाच पाहला होता." रीनाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती अगदी शांतपणे बोलत होती. घरून ठरवूनच आली होती. "मले दोन दिवस द्या. शुक्रवारी काढा अन् आजची तारीख टाका. दोन दिवस जास्त भेटले त आकडा वाढन का नाई?"

"असं नाई चालत, रीना."

"कोनाले समजते? तारीख त तुमीच टाकता."

ते खरं होतं. संगणक कोणती तारीख टाकली याची चौकशी करत नसे. करुणा नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. मग रीनानं तिचे दोन्ही हात धरले.

"चांगलं असन त चांगलंच राहीन. नसन त आपोआप पडून जाईन. पन कोनी काढून टाकलं असं त मले जन्मभर वाटनार नाई. दोन दिवसांनं कोनाचं काय बिघडते, ताई?"

दंडाचा पट्टा करुणानं सोडला तो त्या वेळी. रीनाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत तिनं नणंदेकडं कधी काही मागितलं नव्हतं. करुणाची स्वतःची दोन मुलं होती. सणावाराला माहेरी गेली की आईच्या तोंडून एखादं वाक्य निसटायचं आणि रीना भांडी घासायला परसात निघून जायची. हे सगळं तिला आठवलं. आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात तेव्हा फार तर गर्भ पडेल एवढंच होतं. नळीची गोष्ट तिला ठाऊक होती, प्रशिक्षणात शिकवली होती, डॉक्टरांनी सांगितल्याचं प्रफुल्लनंही फोनवर म्हटलं होतं. पण आपल्या घरातल्या बाईला तसं काही होईल हे तिच्या मनानं धरलंच नाही.

"शुक्रवारी सकाळीच ये," ती म्हणाली. "अन् कोनाजवळ बोलू नको."

गुरुवारी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. रीना शहारेचा दुसरा रिपोर्ट कुठं आहे, असं तिथली सिस्टर विचारत होती.

"नमुना कालच गेला," करुणा म्हणाली. "नागपूरचं मशीन बंद आहे म्हनतात. एक-दोन दिवस लागतीन."

इतकं सरळ खोटं ती त्या फोनवर कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर पुढच्या पेशंटची शीर सापडायला तिला दोनदा टोचावं लागलं.

शुक्रवारी रीना आली. करुणानं रक्त काढलं, नळी फिरवली आणि संगणकात तारखेच्या रकान्यात बुधवार भरला. वेळ टाकली सव्वाअकरा. शनिवारी दुपारी रिपोर्ट आला. एक हजार दहा.

डॉक्टरांनी तो पाहिला, हिशेब केला आणि रीनाला फोनवर सांगितलं, "दीडपटीच्या थोडा वर आहे. फार छान नाही, पण वाईटही नाही. हा बुधवारचा आकडा आहे, म्हणजे आतापर्यंत बराच वाढलेला असणार. सोमवारी सकाळी सोनोग्राफीला या, आता गर्भ दिसायला हवा. मधे जास्त दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला, तर थांबू नका. तडक निघा."

रीनानं लगेच करुणाला मेसेज पाठवला. 'दीडपटीच्या वर आला! मॅडम बोलल्या वाईट नाही. ताई तुमचे उपकार कधी विसरनार नाही.'

करुणानं तो मेसेज वाचला आणि समोरच्या पावतीबुकाच्या मागच्या पानावर पेनानं आकडे मांडले. सोमवारी सहाशे चाळीस. बुधवारी दुप्पट झाला असता तर बाराशे ऐंशी. शुक्रवारी अडीच हजारांच्या वर. दीडपटीनं धरलं तरी शुक्रवारी चौदाशे चाळीस पाहिजे होता. आणि आला होता एक हजार दहा. चार दिवसांत दीडपट. डॉक्टर ज्याला रखडणं म्हणाल्या होत्या, ते हेच होतं. ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

तिनं डॉक्टरांचा नंबर काढला. अंगठा हिरव्या खुणेवर ठेवला. काय सांगायचं? मॅडम, तारीख खोटी आहे? मग नागपूरवाल्यांना कळणार, केंद्र जाणार, प्रफुल्लला कळणार, रीनाचं तोंड उतरणार. आज सानगडीला किती दिवसांनी आनंद झाला असेल. आणि सोमवारी सोनोग्राफी होणारच आहे. जे असेल ते तेव्हा दिसेलच. मधल्या एका दिवसाचाच तर प्रश्न. तिनं फोन पालथा ठेवला आणि पान फाडून टाकलं.

पुढं कित्येक महिने करुणा स्वतःशी हिशेब करायची तेव्हा बुधवारची चूक ती कशीबशी माफ करू शकायची. बुधवारी ती मायेत सापडली होती. शनिवारी मात्र कोणी तिचे हात धरले नव्हते. शनिवारी तिला माहीत होतं.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला तिनं सहज म्हणून आईला फोन लावला.

"माय, रीना काय करून राहिली?"

"पडून आहे बाप्पा. सकाळी पान्याचा गुंड उचलला न् खांद्यात लचक भरली म्हनते. तेल चोळून देऊन राहिली मी."

"कोनता खांदा? माय, पोट दुखते का तिचं?"

"पोटबी दुखते म्हनते थोडं. घाम येऊन राहिला हो तिले. नवं नवं आहे, असं होतेच..."

"तेल राहू दे! प्रफुल्लले आवाज दे. गाडी काढाले लाव. आत्ता, याच घडीले. कपडेगिपडे काही घेऊ नोका. मेघा मॅडमकडे आना, मी तिथं पोचते."

पोटात रक्त साचलं की कधी कधी कळ खांद्यात निघते. नळीच फुटली होती. प्रफुल्लनं शेजारच्यांची गाडी मागून रीनाला आणलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती आपल्याच नावाला ओ देत नव्हती. डॉक्टर मेघांनी तिचं पोट हातानं दाबून पाहिलं, एकदा सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं आणि सिस्टरला थिएटर उघडायला सांगितलं. करुणाचा नवरा ईश्वर भंडाऱ्याहून रक्ताच्या पिशव्या आणायला मोटारसायकल घेऊन निघाला. दरवाजा बंद झाला.

बाहेर बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. त्यांच्या तळहातांना अजून तेल लागलेलं होतं. "मी चोळत बसली व माय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. करुणा त्यांच्या शेजारी बसून होती, पण तिला आईच्या पाठीवर हात ठेववेना.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. रीना वाचली होती. पोटातून दीड लिटरवर रक्त काढावं लागलं. उजवी नळी फाटून गेली होती, ती काढावी लागली. "डावी आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण तीही आजूबाजूला चिकटलेली आहे. आशा नाही असं मी म्हणणार नाही. पण सोपं राहिलं नाही आता."

प्रफुल्ल भिंतीला टेकून खाली बसला.

सोमवारी दुपारी सानगडीहून प्रफुल्लचे चुलते तेजराम काका आणि गावातले दोघं-तिघं आले. डॉक्टरांच्या खोलीत आवाज चढले. करुणा दाराशी उभी होती.

"मॅडम, शनिवारी तुमीच म्हनलं ना, वाईट नाई म्हनून?" प्रफुल्ल म्हणाला. "रिपोर्ट तुमच्याजवळ होता. मंग हे झालं कसं?"

"तिच्या जिवाशी खेळ झाला," तेजराम काका म्हणाले. "आमी लेखी तक्रार देऊ."

डॉक्टर मेघांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. त्या रागावल्या नाहीत. "तुमचा राग मला समजतो," त्या म्हणाल्या. "आकडा दीडपटीच्या वर होता. पण उशिरा हाती आला होता, तेव्हा शनिवारीच पुन्हा रक्त काढायला सांगायला हवं होतं मी. सोमवारची वाट पाहिली. रात्रभर मी तोच विचार करते आहे."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बोलता बोलता त्यांची नजर करुणाकडं वळली, जणू या खोलीत आपलं बोलणं समजणारी तीच एक आहे. करुणानं मान खाली घातली. तोंड उघडायची तीच वेळ होती, आणि ती तिनं जाऊ दिली.

त्या दिवशी तिनं घरी कुणाला जेवायला वाढलं, काय वाढलं, तिला आठवत नव्हतं. मंगळवारी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं.

"मॅडम, दुसरा नमुना बुधवारचा नव्हता. शुक्रवारचा होता. तारीख मी टाकली."

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा समोर घेतले. मग त्यांनी कागद ओढला, मनातल्या मनात आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवलं.

"का?"

करुणानं सगळं सांगितलं. रीनाचं बोलणं, तिनं धरलेले हात, नागपूरच्या मशीनचं खोटं, शनिवारी पालथा ठेवलेला फोन.

"बुधवारचा खरा आकडा हातात आला असता ना," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तर गुरुवारी मी तिला बोलावून घेतलं असतं. नळी फुटलेली नव्हती. इतक्या कमी आकड्याला बहुतेक वेळा इंजेक्शनवर भागतं. पोट कापावं लागत नाही. नळी राहते. आकडा किती आला यापेक्षा तो किती वेळात आला, यावरच माझी सगळी मदार असते. आणि ती वेळ तुम्ही लिहिता. मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, करुणाताई. अकरा वर्षं ठेवला."

करुणाला रडू आलं नाही. ती फक्त म्हणाली, "मी प्रफुल्लले सांगते."

"सांगा. पण तिनं मागितलं होतं हे आत्ता सांगू नका. तिचे टाके ओले आहेत. घरात तिला कुणी एक शब्द बोललेला चालणार नाही."

म्हणून व्हरांड्यात करुणानं भावाला अर्धंच सांगितलं. तारीख चुकीची टाकली, मॅडमची काही चूक नाही, तक्रार करू नका.

"चुकीची म्हंजे?" प्रफुल्लला कळेना. "शुक्रवारचा बुधवार कसा होते?"

"झालं माझ्या हातून."

"तू मले तुह्या चुकीसाठी मॅडमसंग भांडू देऊन राहिली होती? काल तू दारातच होती ना, ताई?"

"हाव."

प्रफुल्ल वळला. आत गेला, बायकोच्या खाटेशी बसला. खिडकीतून करुणाला रीनाचा चेहरा दिसत होता. रीना छताकडं पाहत होती. व्हरांड्यातलं बोलणं तिला ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे.

नागपूरच्या लॅबला करुणानं स्वतःच कळवलं. त्यांनी महिन्याभरात दुसरी मुलगी ठेवली. करुणा ईश्वरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसू लागली. ओळखीच्या बायका विचारत, "रक्त काढनं काहून सोडलं?" ती म्हणे, "नजर कमी झाली." सानगडीहून फोन येणं बंद झालं होतं. आई कधीतरी चोरून बोलायची, तेही दोन मिनिटं. बुद्ध जयंतीला दरवर्षी सगळे विहारात एकत्र असत. यंदा ती तिकडं गेली नाही.

वैशाख सरता सरता एका सकाळी प्रफुल्ल दुकानासमोर येऊन उभा राहिला. तो वाळला होता. ईश्वरनं त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत तो पेनांच्या डब्याशी चाळा करत होता.

"रीनानं सांगतलं मले," तो म्हणाला. "बुधवारचं. तिनंच म्हनलं होतं तुले, असं."

करुणानं समोरची वह्यांची चळत सारखी केली.

"सहा महिने तू मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? सुई माझ्या हातात होती, तिच्या नाई."

प्रफुल्लनं चहा संपवला. माफी मागायला तो आला नव्हता आणि माफ करायलाही नव्हता. "माय आठवन करते," एवढं म्हणून तो उठला. "रविवारी येजो घरी."

रविवारी ती गेली. घरामागं आंब्याच्या सावलीत रीना चिंच फोडत बसली होती. पुढ्यात पोतं, बाजूला चिंचोक्यांची रास. करुणा तिच्यासमोर बसली आणि तिनंही एक दगड हातात घेतला. दोघी टरफलं काढू लागल्या.

"मी तुमाले तोंड दाखवू शकत नव्हती," रीना म्हणाली. "तुमी सगळं आपल्यावर घेतलं."

"माझंच होतं ते."

"अर्धं माझं होतं. मी तुमच्या भावाले सांगतलं ते बरं झालं, छातीवरचं वझं उतरलं." तिनं चिंचेचा एक गर हातानं मोकळा केला. तिचा आवाज जरा बदलला. "पन ताई, एक सांगू? तुमी नाई म्हनाले पाहिजे होतं."

"हाव."

"मी रडली असती. तुमच्यावर रागावली असती, वर्षभर बोलली नसती. पन मले काय माहीत होतं? तुमाले माहीत होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हेच शब्द करुणानं स्वतःला शंभर वेळा ऐकवले होते. तरी रीनाच्या तोंडून ऐकताना ती त्यांच्यापुढं पहिल्यांदाच उभी राहिल्यासारखी झाली.

"मॅडमनं सांगतलं आहे," थोड्या वेळानं रीना म्हणाली, "पुढच्या खेपी पाळी चुकली का आठ दिवसांच्या आत रक्त द्याले येजो म्हनून. मी भंडाऱ्याले जाईन म्हनते. तिथं नागपूरले पाठवत नाई, तिथल्या तिथंच तपासतात."

"जाय," करुणा म्हणाली. "तिथंच जाय. तिथं चांगलं करतात."

आतून वच्छलाबाईंनी जेवायला हाक मारली. रीना आधी उठली, पदर झटकला आणि हात धुवायला नळाकडं गेली. करुणा हातातली चिंच संपवून मग उठली.